सुझीचे जहाज आणि आडोशाची मुशी

वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरून होडी सुटली की थोड्याच वेळात मुरगावचे भूशीर मागे पडते आणि समोर ग्रँड आयलंडचा हिरवा उंचवटा येतो. बहुतेक पर्यटक इथे डॉल्फिन बघायला आणि बेटावर तळलेले मासे खायला येतात. काही जण मात्र पाठीवर हवेची टाकी बांधून होडीच्या काठावरून मागच्या मागे पाण्यात स्वतःला झोकून देतात. त्यांना जायचे असते बेटाजवळ बुडालेल्या एका जुन्या मालवाहू जहाजापाशी. पाणबुडे त्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात.

‘गोव्यातले बुडालेले जहाज’ म्हटले की अनेकांना दुसऱ्या महायुद्धातली चकमक आठवते. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीच्या हौशी शिपायांनी मुरगाव बंदरातल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. ते बुडाल्यावर बाकीच्या दोन जर्मन आणि एका इटालियन जहाजाच्या खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच बुडवली. 1980 साली त्यावर ‘द सी वुल्व्हज’ हा सिनेमाही आला. पण तो प्रकार बंदरातला. सुझीचे जहाज त्यातले नव्हे.

याच समुद्रात आणखी जुने अवशेष आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफ या खडकाळ पट्ट्यात सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मातीची भांडी असा माल तिथे विखुरलेला होता. सेंट जॉर्ज रीफवर तर बासेल मिशनची कौले सापडली, त्यांवर 1865 हे साल उमटलेले.

जाहिरातींच्या पत्रकांवरचा निळाशार समुद्र मात्र इथे शोधू नये. मांडवी आणि झुआरी या नद्यांचा गाळ इथेच येऊन मिळतो. पावसाळा सरला तरी पाणी निवळायला वेळ लागतो. बहुतेक दिवशी काही मीटरपलीकडचे दिसेनासे होते. फोटो काढणाऱ्याने पूर्ण जहाज एका चौकटीत मावावे ही हौस सोडूनच खाली उतरायचे.

खरी गंमत मग सुरू होते. पाणी तांबडा रंग आधी शोषून घेते, त्यामुळे पाच-सहा मीटरवरच लाल मासा मातकट दिसतो. रंग परत आणायला फ्लॅश हवा, आणि फ्लॅश लावला की पाण्यातला कण न् कण उजळून सगळ्या फोटोवर पांढरे ठिपके पडतात. उपाय दोनच: फ्लॅश कॅमेऱ्यापासून दोन्ही बाजूंना लांब, जरा बाहेरच्या अंगाला वळवून धरायचा, आणि विषयाच्या अगदी हातभर अंतरावर जायचे. म्हणून इथले जाणते लोक लांब पल्ल्याची लेन्स घरी ठेवून फिशआय घेऊन येतात. एकाच्या पायातला पोहण्याचा पंख चुकून तळाला लागला की गाळ उठतो आणि पुढची काही मिनिटे सगळ्यांचीच वाया जातात. पाण्याखाली शिव्या देता येत नाहीत, तेवढे बरे.

जवळ गेल्यावर दिसते ते असे. गंजलेल्या पत्र्यावर कालवांचा आणि स्पंजांचा जाड थर. सांदीत तोंड बाहेर काढून बसलेला गोबरा, वर तांबोशींचा थवा, कोपऱ्यात विषारी काटे पसरलेला लायनफिश. पश्चिम किनाऱ्यावरची करडी बांबू शार्कही अशाच जागा धरते. ही पाऊण मीटरची मुशी दिवसभर पत्र्याच्या आडोशाला पडून असते. डोळ्यामागच्या छिद्रातून पाणी ओढून ती श्वास घेते, त्यामुळे तिला सतत पोहावे लागत नाही. पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होतात. दबा धरून बसणाऱ्या छायाचित्रकारासाठी यापेक्षा सोयीची शार्क नाही. सिनेमातल्या जबड्याच्या अपेक्षेने गेलेले हिरमुसतात, हे त्यांचे नशीब.

अशा फोटोंची किंमत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कळली. तिथल्या बुडालेल्या जहाजांभोवती सँड टायगर शार्क घुटमळतात. हौशी पाणबुड्यांच्या छायाचित्रांतले शार्कच्या अंगावरचे ठिपके जुळवून संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले की काही माद्या त्याच जहाजापाशी पुन्हा येतात. एका मादीच्या दोन फोटोंत तर तब्बल 72 महिन्यांचे अंतर होते.  हौसेने काढलेले फोटो होते, फक्त तारीख आणि जागा नीट लिहिलेली होती.

महाराष्ट्राने तर मुद्दाम जहाज बुडवायची योजना आखली. 1985 च्या डिसेंबरात नौदलात आलेली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली 84 मीटर लांबीची ‘आयएनएस गुलदार’ फेब्रुवारी 2025 मध्ये पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ तिचे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्यासाठी 46.91 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आहे. अशा जहाजावर शेवाळ, कालवे, मासे यांची वस्ती होत जाते, आणि पहिल्या दिवसापासून फोटो काढले तर ती वस्ती वर्षावर्षाने नोंदता येते. ती संधी मालवण-तारकर्लीच्या पाणबुड्यांनी सोडू नये.

समुद्रापासून दूरच्या उज्जैनहून गोव्याला निघालेल्या कुटुंबानेही बिचकू नये. पहिली चाचणी-डुबकी प्रशिक्षकाचा हात धरून, बारा मीटरच्या आत होते आणि दहा वर्षांच्या व त्याहून मोठ्या मुलांना चालते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. होडीवाल्याने माशांना पाव टाकायला दिला तर नको म्हणा, जहाजाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, आणि फोटोंचे रंग सुधारण्याआधी मूळ प्रत, तारीख, जागा आणि खोली यांच्यासकट जपून ठेवा.