दहावा दिवस आणि घरमाशी

जयपूरसह राजस्थानातील शहरांत घराच्या आवारात गाय किंवा म्हैस पाळण्यासाठी वार्षिक परवाना व 100 चौरस वार, म्हणजे 900 चौरस फूट, स्वतंत्र जागा आवश्यक ठरवणारे नियम एप्रिल 2022 मध्ये जाहीर झाले. जयपूरच्या जुन्या तटबंदीतील किती घरांना एवढी जागा लाभेल, हा प्रश्न निराळाच. कीटकशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय होती ती त्यांतील शेणाची अट: दर दहाव्या दिवशी ते पालिका हद्दीबाहेर न्यावे. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत 7 ते 10 दिवसांत पोहोचते. पूर्ण वाढलेल्या अळ्या कोषावस्थेसाठी ओले शेण सोडून लगतच्या कोरड्या मातीत शिरतात. त्यामुळे दहाव्या दिवशी शेण उचलले, तरी कोष मात्र गोठ्यातच राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेण हलवल्यास हे चक्र अळी अवस्थेतच तुटते. हलवणे शक्य नसेल, तर ते पातळ पसरून वाळवावे. जयपूरचे कोरडे ऊन त्यास पुरेसे आहे. पावसाळ्यात मात्र हा उपाय चालत नाही. तेव्हा ढीग घट्ट झाकावा आणि गव्हाणीखालचा, मूत्राने भिजलेला चारा रोज काढावा. स्वच्छ दिसणाऱ्या गोठ्यातही माश्यांची पैदास बहुधा तेथेच चालू असते.