अतिसंवाहकांच्या जगात – भाग ९ : लोहातले चुंबकीय भोवरे

अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या कुठल्याही एमआरआय केंद्रात गेलात, तर चुंबक कायम चालू असल्याची सूचना दारावरच दिसते. शेवटचा रुग्ण घरी गेला, दिवे मालवले, तरी आतलं १.५ टेस्लाचं क्षेत्र तसंच असतं. नायोबियम-टायटेनियमच्या वेटोळ्यात एकदा सोडलेला प्रवाह उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतो. तासाभरात क्षेत्रात पडणारा फरक एक कोटीव्या भागाहूनही कमी असतो.

रोध शून्य म्हणून हे घडतं, असं मागच्या भागात म्हटलं होतं. ते अर्धंच उत्तर आहे. अशा अतिसंवाहकाला तीव्र क्षेत्रात ठेवलं की क्षेत्र बारीक नळ्यांच्या रूपानं त्यात शिरतं. प्रत्येक नळीभोवती विद्युतप्रवाह गरगरतो, म्हणून तिला भोवरा म्हणायचं. अलेक्सेई आब्रिकोसोव्ह यांनी १९५७मध्ये हे गणितानं दाखवलं आणि २००३च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. प्रत्येक भोवऱ्यात चुंबकीय क्षेत्राचा अगदी सारखा, ठरावीक वाटा असतो. हिशेब केला तर १.५ टेस्लाला एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ७२ कोटी भोवरे उभे असतात.

तारेतून प्रवाह वाहू लागला की तो या भोवऱ्यांना आडवा रेटतो. ते हलले की ऊर्जा खर्च होते, म्हणजे रोध परत आला! अगदी निर्दोष स्फटिकात त्यांना अडवणारं काहीच नसतं, त्यामुळे त्याची तार अशा चुंबकाला निरुपयोगी ठरेल. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता मेलेली असते, त्यामुळे जिथे ती आधीच कमकुवत आहे तिथेच तो रुतून बसतो. एमआरआयच्या तारेत टायटेनियमचे सूक्ष्म कण मुद्दाम पेरतात ते यासाठीच. पदार्थातला दोष हाच त्याचा आधार, ही या शास्त्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

पण रुतलेला भोवरा कायमचा रुतलेला नसतो. बेल प्रयोगशाळेत किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले, आणि फिलिप अँडरसन यांनी १९६२मध्ये कारण सांगितलं : उष्णतेच्या थरथरीनं भोवरे अधूनमधून उडी मारून पुढच्या दोषात जाऊन बसतात. यालाच शिथिलन म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी त्यासाठी वाळूच्या ढिगाचं चित्र वापरलं. पुनर्विकास चाललेल्या इमारतीसमोर ओतलेला वाळूचा ढीग डोळ्यांसमोर आणा. त्याचा उतार म्हणजे अतिसंवाहकातला प्रवाह. रस्त्यावरून ट्रक गेला की थोडी वाळू घसरते आणि उतार मंदावतो. मंदावलेल्या उतारावरून पुढची घसरण आणखी दुर्मीळ होते. म्हणूनच पहिल्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत चुंबकत्वाची जितकी घट होते, साधारण तितकीच दहाव्यापासून शंभराव्या मिनिटापर्यंत होते. प्रयोगशाळेत तासन्‌तास स्फटिकाचं चुंबकत्व मोजत बसतात ते हा वेग काढण्यासाठी.

लोहाकडे वळण्याआधी पवईला थांबायला हवं. निकेल आणि लोह हे चुंबकीय धातू अतिसंवाहकतेचे वैरी, असं फार काळ मानलं जाई. १९९४च्या जानेवारीत कुलाब्याच्या टीआयएफआरमधले आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, पवईच्या आयआयटीतले बी. डी. पदालिया आणि त्यांचे सहकारी यांचा शोधनिबंध आला. इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली होती. इट्रियम-निकेल-बोरॉनमध्ये आधी तिच्या नुसत्या खुणा होत्या. कार्बन घातल्यावर ती नमुनाभर पसरली. या कुळातल्या स्फटिकांत पुढे आणखी एक गोष्ट दिसली. क्षेत्र वाढवलं की भोवऱ्यांची नेहमीची त्रिकोणी मांडणी बदलून चौकोनी होते.

२००८मध्ये जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाला लँथेनम, लोह आणि आर्सेनिकच्या संयुगात २६ केल्विनला अतिसंवाहकता सापडली. त्याच वर्षी चीनमध्ये लँथेनमच्या जागी समेरियम घालून ५५ केल्विन गाठलं गेलं. लवकरच बेरियम, लोह आणि आर्सेनिकचं संयुगही या यादीत आलं. त्याच्या स्फटिकाचा सांगाडा पवई-कुलाब्याच्या संयुगांशी नातं सांगणारा आहे. आपल्याकडे याची फारशी आठवण काढली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोह-संयुगांतल्या भोवऱ्यांचा गाभा दोन-तीन नॅनोमीटरचाच असतो, म्हणून बारीकसा दोषही त्यांना धरतो. पण थरथरीनं ते सुटतातही सहज. शिथिलनाचा वेग नायोबियमच्या तारेपेक्षा कितीतरी जास्त, ताम्र-ऑक्साइडांच्या अतिसंवाहकांच्या जवळपास जाणारा. त्यातच एक कोडं आहे. क्षेत्र वाढवताना भोवऱ्यांवरची पकड आधी ढिली होते, मग पुन्हा घट्ट होते आणि शेवटी सुटते. आलेखाच्या आकारावरून याला माशाचं शेपूट म्हणतात. एक स्पष्टीकरण असं : पकड पुन्हा सर्वांत घट्ट होते त्या टोकापर्यंत भोवऱ्यांची जाळी अखंड राहून लवचीकपणे सरकते, त्यापुढे ती फाटून तुकड्या-तुकड्यांनी वाहते. काही स्फटिकांसाठी दुसरं स्पष्टीकरण जाळी चौकोनी होण्याचं दिलं जातं, आणि तिथे निकेलच्या संयुगांचा अनुभव कामी येतो. मला पहिलं अधिक पटतं, कारण शिथिलनाच्या मोजमापांत टोकाच्या दोन्ही बाजूंना उडीची ऊर्जा वेगवेगळ्या रीतीनं बदलताना दिसते. पण दोन्ही एकाच स्फटिकात नांदू शकत नाहीत असं मुळीच नाही.

मग शिथिलन किती मंदावता येईल? २०१७मध्ये सेरेना एली, लिओनार्डो सिवाले आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रत्येक अतिसंवाहकात शिथिलनाच्या वेगाला खालची मर्यादा असते. दोष कितीही पेरले तरी तिच्याखाली जाता येत नाही. बेरियम-लोह-आर्सेनिकमध्ये थोडा फॉस्फरस घातलेली त्यांची पातळ पटलं या मर्यादेच्या अगदी जवळ पोचली होती. चीनमध्ये २०१६मध्येच लोह-संयुगाची १०० मीटर लांबीची फीत तयार झाली आहे. ती कशी ओढतात आणि कणाकणांमधल्या सीमा तिथे काय त्रास देतात, ते पुढच्या आठवड्यात.