गुळवेल कापा, पण बुंधा राखा

टोकावडे परिसरात बांधावरच्या आंब्यावर, कडुनिंबावर गुळवेल सहज दिसते. फुकटची म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. शेजारच्या शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी मात्र आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत ती गोळा करून औषध कंपन्यांना विकली. पुढे वन धन योजनेची साथ मिळाली. तिबेटी सोवा-रिग्पा वैद्यकातही तापावर गुळवेल वापरतात.

मागणी आली की वेल मुळासकट ओढली जाते आणि पुढच्या वर्षी झाड रिकामे. तसे करू नका. अंगठ्याएवढे जाड झालेले खोडच कोयत्याने कापा, जमिनीपासून हातभर बुंधा ठेवा. त्यालाच पुन्हा फुटवे येतात. बोटभर तुकडे करून सावलीत खडखडीत वाळवा. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी येते आणि व्यापारी भाव पाडतो.

ओळख मात्र पक्की हवी. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर ठळक गाठी असतात, कापल्यावर दुधी चीक येतो. ती पोटात गेल्यास अपाय होऊ शकतो, म्हणून आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये सावध केले होते. खऱ्या गुळवेलीला दुधी चीक नसतो, पिकलेली फळे गोल व लाल असतात. शंका असेल तर ती वेल सोडून द्या.

रानावरच विसंबू नका. जूनमध्ये दोन डोळ्यांच्या, वीतभर काड्या कुंपणाच्या झाडांशी लावा.