पोलीस नसलेले न्यायालय

हेग : कोर्टाचा आदेश काय असतो, हे नागपंचमीच्या जिवंत नागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याच्या लोकांना वेगळे सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नाग पकडायला मनाई केली आणि नागपंचमीला वनखाते नि पोलीस गावात येऊन उभे राहिले. इथल्या शांती प्रासादातल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे ना पोलीस, ना बेलीफ. तरीही डच मंडळींची त्याच्यावर भिस्त. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विकासाला हातभार लावण्याचे काम त्यांच्या राज्यघटनेच्या ९०व्या कलमाने सरकारकडेच सोपवले आहे. यात साधुत्व कमी, हिशेब जास्त. समुद्र कुणा एकाचा नव्हे, हे ग्रोशियसने १६०९ साली मांडले ते डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू घेऊनच. व्यापारावर जगणाऱ्या लहान देशाला तोफेपेक्षा करार स्वस्त पडतो!

मराठी माणसाचा या शहराशी संबंध जुना आहे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी टाकली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना परत ब्रिटिशांच्या हवाली केले. ब्रिटन-फ्रान्समधला हा वाद हेगच्या लवादापुढे आला. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा, की हवाली करण्यात अनियमितता झाली, पण कैदी परत करायला ब्रिटन बांधील नाही. खटला दोन सरकारांचा. ज्याच्या जन्मठेपेचा प्रश्न, त्याला तिथे काहीच स्थान नव्हते.

सांगलीत जन्मलेले, साताऱ्यातल्या आनेवाडीचे, पाकिस्तानात हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झालेले कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत २०१७ साली इथे आला, तेव्हाही वादी-प्रतिवादी देशच होते. फरक पडला तो १९६३ च्या व्हिएन्ना करारामुळे. परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे, आणि तो त्या माणसाचाही आहे, हे न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी उचलून धरले. हेरगिरीचा आरोप असला म्हणून हक्क जात नाही, हेही बजावले. जाधवांची सुटका किंवा शिक्षा रद्द करण्याची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही; शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा, एवढेच पाकिस्तानला सांगितले. आपल्याकडे फटाके वाजले ते या मान्य झालेल्या निम्म्या भागावर.

सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याला जाधवांची भेट मिळाली, पण ती मोकळी नव्हती, ही भारताची तक्रार. फेरविचाराचा कायदा पाकिस्तानी संसदेने केला तो २०२१ च्या नोव्हेंबरात.