घरखर्चाची आणेवारी

शेतकऱ्याच्या हातीं पैसा वर्षांतून एकदोन वेळांच येतो. सोयाबीन विकलें म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आणि कापूस व तूर विकली म्हणजे संक्रांतीच्या मागेंपुढें. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. नोकरदारास महिन्याचा पगार ठाऊक असल्यामुळें त्याचा हिशेब सोपा आहे. आपल्या जिल्ह्यांतील कास्तकारास यंदा घरांत काय येणार हें कापणी होईपर्यंत कळत नाहीं, आणि कापणी झाल्यावरही भाव कळावयाचा राहतोच. असें असतांही आपण घरखर्च बांधतों तो बहुधा मागील एखाद्या चांगल्या सालाच्या आठवणीवर. पुष्कळ संसार कर्जांत जाण्याचें मूळ येथेंच आहे असें आम्हांस वाटतें.

हा प्रकार नवा नाहीं. इ. स. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. खामगांवच्या पेठेंत पैसा खेळूं लागला. कास्तकारांनीं गाडीच्या चाकांस लोखंडाऐवजीं रुप्याच्या धावा बसविल्या अशा गोष्टी त्या काळाविषयीं सांगतात. त्या खऱ्या असोत वा नसोत, पैसा कोणत्या वाटेनें गेला हें त्यांवरून समजतें. १८६५ सालीं युद्ध संपलें व भाव कोसळले. खामगांवास आगगाडीचा फांटा १८७० सालीं आला, तोंवर ती तेजी ओसरून गेली होती. तिकडे पुणें व नगर जिल्ह्यांत तेजींत काढलेलें कर्ज मंदींत फिटेना, वर साराही वाढलेला, आणि १८७५ सालीं सुपें येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले.

आपल्या डोळ्यांदेखतचें उदाहरण सोयाबीनचें. २०२१ च्या ऑगस्टांत त्याचा भाव क्विंटलास दहा हजारांच्या घरांत गेला. नवा माल बाजारांत येतांच तो जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४ च्या हंगामांत हमीभाव ४,८९२ रुपये असतां पुष्कळांस चार हजारांच्या आसपास माल द्यावा लागला. दहा हजारांचा भाव मनांत धरून ज्यांनीं ट्रॅक्टरचे हप्ते बांधून घेतले, त्यांचे हप्ते काहीं निम्मे झाले नाहींत.

महसूल खात्यांत आमचीं बरीच वर्षें पिकाच्या आणेवारीचे तक्ते लिहिण्यांत गेलीं. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पुढें आणे गेले व पैसेवारी आली. पन्नास पैशांच्या आंत पीक उतरलें तर टंचाई समजावयाची. आपल्या विभागांत खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर निघते. तिच्या खरेपणाविषयीं शेतकऱ्यांची तक्रार असते, व ती कित्येकदां रास्तही असते. परंतु ही रीत घरच्या हिशेबास फार उपयोगी आहे.

ती अशी लावावी. मागील पांच वर्षांत बीबियाणें, खत, मजुरी व व्याज वजा जातां घरांत काय उरलें तें वहींत मांडावें. समजा, तें अनुक्रमें २,४०,०००, १,६०,०००, ३,२०,०००, १,२०,००० व २,००,००० रुपये आहे. सर्वांत चांगल्या सालास सोळा आणे धरिलें तर एक आणा वीस हजारांचा झाला, आणि तीं सालें बारा, आठ, सोळा, सहा व दहा आण्यांचीं ठरलीं. आतां घरखर्च आठ आण्यांवर, म्हणजे १,६०,००० रुपयांवर बांधावा. महिन्यास सुमारें १३,३०० पडतात. आठांवरचे आणे तीन सालांत मिळून चौदा झाले. सहा आण्यांच्या सालीं दोन आणे कमी पडले ते त्यांतूनच भरले, तरी बारा आणे, म्हणजे २,४०,००० रुपये गांठीं राहिले. विहीर, लेकीचें लग्न, मुलाचें शिक्षण हें या रकमेंतून करावयाचें. आठ आण्यांत घर भागत नसेल तर तें वहींत आधींच दिसतें, आणि कोणता खर्च थांबवावा याचा विचार दुकानदाराची उधारी चढण्यापूर्वीं करतां येतो.

अंदाजही तीन वेळां करावा. सप्टेंबरअखेर उभ्या पिकावरून, ऑक्टोबरअखेर मळणीवरून, व डिसेंबरअखेर हातीं आलेल्या पैशावरून. मोठी खरेदी वा लग्नाची बोली तिसऱ्या अंदाजापूर्वीं करूं नये. २०२३ च्या जुलैंत संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांत एका पावसानें उभीं शेतें वाहून गेलीं, हें विसरतां येत नाहीं.

शिल्लक ठेवावी कोठें? पूर्वीं पेवांत ज्वारी असे, तीच पहिली बचत. आतां ज्वारीचा पेरा घटला. तरी वर्षाचें धान्य घरचें असावें असें आमचें मत आहे. सोन्यांत घडाई व तूट जाते. पोस्टाच्या ठेवींस केंद्र सरकारची हमी आहे. बँकेंतील ठेवीस, मग ती बँक सहकारी कां असेना, फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदारास एका बँकेंत पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीस तें नाहीं. पतसंस्था वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु व्याज दीड टक्का अधिक कां मिळतें हें विचारून घ्यावें, व सर्व रक्कम एके ठिकाणीं ठेवूं नये. २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस नव्या ठेवी घेण्यास मनाई केली, तेव्हां ठेवीदारांची काय अडचण झाली हें अनेकांस आठवत असेल. पुढें सरकारी साहाय्यानें ती बँक सावरली.

दिवाळीस पैसा हवा म्हणून सोयाबीन पडेल भावानें विकणें हेंही नुकसानच. बाजार समितींत माल तारण ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं सहा टक्के व्याजानें मिळण्याची पणन मंडळाची योजना १९९०-९१ पासून आहे. आपल्या बाजार समितींत ती चालू आहे कीं नाहीं याची चौकशी हंगामापूर्वींच करावी.

एक गोष्ट राहिली. वारसाच्या फेरफारासाठीं कचेरींत येणाऱ्या बाया आम्हीं पाहिल्या आहेत. नवऱ्याचे कागद पिशवींत भरून आणीत. त्यांत सातबारा असे, सोसायटीची नोटीस असे, परंतु ठेवीची पावती कोणत्या गांवच्या कोणत्या संस्थेची हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसे. वही दोघांनीं मिळून लिहावी, प्रत्येक खात्यावर वारसाचें नांव लावून घ्यावें, आणि पासबुकें कोठें ठेविलीं आहेत हें घरधनिणीस ठाऊक असावें.