अंगणात खोललेले इंजिन

आमच्या भावाचा टाटाचा सहाचाकी ट्रक कसारा घाटात दम टाकू लागला. मागून निळा धूर, दर दोन दिवसांनी ऑईल ओतायचे, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून नुसता कान लावला आणि निकाल दिला, "इंजिन गेलं, दुसरं टाका." दोन हप्ते आधीच थकलेले. तिसरा थकला की फायनान्सवाल्याची माणसे गाडी ओढून नेतात, हे कष्टकरी वाचकांना आम्ही काय सांगावे!

भंगार बाजारातले इंजिन बसवावे, तर आरसी बुकात इंजिन नंबर असतो. तो बदलायला आरटीओच्या खेपा आल्या. तेव्हा आम्ही ठरवले, ऐकीव निकाल मानायचा नाही, आधी मोजायचे.

वस्तीतले मिस्त्रीकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "काळा धूर असता तर आधी नोझल अन् एअर फिल्टर बघितला असता. निळा म्हणजे ऑईल जळतंय. पण किती झिजलंय, हे खोलल्याशिवाय कुणी सांगू नये." इंजिन गरम असताना त्यांनी ऑईल ओतायचे झाकण काढले. भकाभक धूर आला. रिंगांना चुकवून गॅस खाली उतरत होता.

चेन कुप्पी भाड्याने आणून लोखंडी घोडीला टांगली. इंजिनाचे वजन चार क्विंटलच्या आसपास. गाडीखाली विटा लावायला काकांनी साफ नकार दिला, लाकडी ठोकळेच लावायला लावले. वीट फुटते आणि खाली माणूस असतो.

आयटीआयला मेकॅनिक डिझेल शिकणारी आमची पुतणी वही घेऊन बसली. तिनेच सांगितले, या इंजिनाला ६९७ का म्हणतात: सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या आमच्या भावाला हे कुणी सांगितले नव्हते!

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. आणि जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आज पान्याला विटाळ नाही. पण गॅरेजात दहा वर्षे 'ए पोरा' म्हणून राबलेली आपली किती मुले बोअर मोजतात? आवाजावरून दोष ओळखतात, पण मोजायचे गेज मालकाच्या कपाटात. माप ज्याच्याकडे, दर त्याच्याकडे. आमच्या मते खरी अडवणूक तिथेच आहे.

लायनरच्या वरच्या टोकाला, जिथून रिंग माघारी फिरते, तिथे नखाला कड लागत होती. लेथवाल्याकडे मापे घेतली. क्रँक मापात निघाला. म्हणजे पिस्टन, लायनर, रिंगा आणि बेअरिंग एवढ्यावर काम भागणार होते. झिजेचे कारणही सापडले: एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालून चिरला होता. रस्त्याची धूळ थेट आत जाऊन लायनर घासत होती. ऑईल वेळेवर बदलले जात होते, पण तो पाइप कुणी वाकून पाहिलाच नव्हता.

बांधताना मात्र आमची घाई नडली. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या नंबर जुळवून बसवल्या, रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत, सगळे नीट. पण काका जेवायला गेले आणि आम्ही हेडचे बोल्ट एका कडेपासून आवळत गेलो. चालू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे. गॅस्केट वाया, दोन दिवस वाया. दुसऱ्या खेपेला पुतणीने टॉर्क पाना हाती घेतला. मधून बाहेर, तीन टप्प्यांत. काका नुसते पाहत उभे राहिले.

तिसऱ्या हप्त्याच्या आदल्या आठवड्यात ट्रक रस्त्यावर आला. रिंगा बसेपर्यंत अर्धाच माल, पहिले ऑईल लवकर काढायचे, ही अट भावाने कुरकुरत पाळली. निळा धूर गेला.

वही भरत आली आहे. येत्या रविवारी विहारातल्या वंदनेनंतर शेजारच्या दादांचा ४०७ अंगणात येणार आहे. गॅरेजातली दोन मुले येतो म्हणाली आहेत. पहिले माप त्यांनी घ्यायचे, असे पुतणीने बजावून ठेवले आहे.