हैदराबादच्या उन्हाळ्यात नेच्याची जोपासना

महाबळेश्वरास अथवा उटकमंडास सुट्टी घालवून परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानात पुष्कळदा नेच्याचे एखादे रोप असते. पंधरा दिवस ते व्हरांड्याची शोभा वाढविते. मग पानांच्या कडा तपकिरी पडू लागतात. गृहिणी काळजीने अधिक पाणी घालते, मुळे कुजतात आणि रोप जाते. ‘आमच्या हातालाच यश नाही’, असे मग म्हटले जाते. आमच्या मते दोष हाताचा नसून हवेचा आहे.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हैदराबादची उंची सुमारे ५४० मीटर, पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नेच्याच्या नाजूक पानांतून या कोरड्या हवेत मुळांना पुरविता येते त्याहून अधिक पाणी उडून जाते. म्हणून ओलावा कुंडीत माफक, पण भोवतालच्या हवेत भरपूर असावा.

त्यासाठी मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा वाळूने भरावी आणि ती वाळू सतत ओली राखावी. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने मुळेही गार राहतात. मिश्रणात पालापाचोळ्याचे कुजलेले खत, जाड वाळू व विटांचे तुकडे असावेत. जागा उत्तरेकडील सावलीची निवडावी. कूलरचा थेट झोत टाळावा. बोअरच्या जड पाण्यापेक्षा साठविलेले पावसाचे पाणी उत्तम.

बंद काचपात्राचा उपाय तर जुनाच आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्या बागेत कोळशाच्या धुराने नेचे जगत नसत. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला असता त्या मातीतून नेचा उगवला. बाटलीतील वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. १८३३ साली अशा काचपेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत पोहोचली. पुढे चीनमधील चहाची रोपेही अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आली. आपल्या घरची काचेची बरणीही हेच काम करील. मात्र तिच्यावर ऊन पडू देऊ नये.

पानांच्या पाठीवरील तपकिरी ठिपके कीड समजून पुसू नयेत. त्यांत बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्याने धुतलेल्या, ओल्या विटेवर शिंपडून काचेने झाकल्यास काही आठवड्यांत हिरवा पापुद्रा धरतो आणि पुढे त्यातून रोपे फुटतात.

हिमालयाच्या उंच उतारांवरील नेचे मात्र हिवाळाभर बर्फाखाली विसावतात. तशी थंडी येथे मिळणे नाही. त्यांचा हव्यास सोडलेला बरा. त्याऐवजी हंसराज लावावा. त्याची एक जात जुन्या विहिरींच्या ओल्या, चुन्याच्या भिंतींवर आपोआप वाढते. जड पाण्याचेही तिला फारसे वावडे नाही.

वाचकभगिनींस एवढीच विनंती, की डोंगरातील रोप उपटून आणू नये. रोपवाटिकेतून घ्यावे अथवा शेजारणीकडून बीजाणूंचे एक पान मागावे. परमुलखात मूळ धरावयाचे तर तेथील हवेशी जुळवून घ्यावे लागते, हे आपल्या घरांना निराळे सांगावयास नको.